सोन्याचा मणी: आर्मेनियाची पांढरी वाइन जुनी की नवी?

शारजात राहणारा माझा मावसभाऊ ईदच्या सुट्टीत आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला जाऊन आला. आखातातल्या आपल्या लोकांना हल्ली आर्मेनिया सोयीचं पडतं. तीन-सव्वातीन तासांचं विमान, व्हिसाची फारशी कटकट नाही आणि उतरल्या उतरल्या डोंगरातली हवा. येताना त्याने पांढऱ्या वाइनची एक बाटली आणली आणि मला फोन केला.

"दादा, यावर ओळखीच्या द्राक्षांपैकी शार्दोने नाही, सोव्हिन्यों ब्लां नाही, वोस्केहात लिहिलंय. हे द्राक्षाचं नाव की गावाचं? मागच्या बाजूला ६१०० वर्षांची परंपरा म्हणून छापलंय, आणि दुकानदार तर म्हणाला की हे सगळं गेल्या पंधरा वर्षांतलं. यातलं खरं काय?"

दुकानदाराचं जास्त खरं. लेबलही अगदीच खोटं नाही, पण त्याने एक गोष्ट गुलदस्त्यात ठेवली आहे.

## आधी रंगाचं बघू

लाल वाइन काळ्या द्राक्षांची आणि पांढरी हिरव्या द्राक्षांची, एवढं आपल्याला माहीत असतं. पण खरी मेख सालीत आहे. बाजारातलं शरद सीडलेस किंवा जम्बो घ्या, मणी दोन बोटांत दाबा. बाहेरून काळाभोर, आतून जवळपास बिनरंगी रस. रंग सगळा सालीला. रस सालीसकट आंबला की रंग उतरतो आणि रंगासोबत तुरटपणाही. या तुरटपणाला टॅनिन म्हणतात. फार उकळलेल्या कोऱ्या चहाने जीभ खरखरीत होते ना, तेच.

पांढऱ्या वाइनसाठी घड चेचून रस लगेच सालींपासून वेगळा करतात आणि एकटा रस आंबवतात. यीस्ट रसातली साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं. इथवर काम सोपं आहे. अडचण पुढे येते. टॅनिन हे वाइनचं चिलखत असतं आणि पांढऱ्या वाइनने ते आधीच उतरवून ठेवलेलं असतं. त्यामुळे तिला हवा लागली की कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी ती तपकिरी पडते, वास मरतो. आंबताना उष्णता वाढली तरी फुला-फळांचा सुगंध उडून जातो. म्हणून आज जगभर पांढरा रस स्टीलच्या बंद टाकीत, साधारण १२ ते १८ अंशांवर, सावकाश आंबवतात.

म्हणजे आपण ज्याला ताजी, फिकट, सुवासिक पांढरी वाइन म्हणतो ती गारवा देणाऱ्या यंत्रांची लेक आहे. आर्मेनियातच नाही, सगळीकडेच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

## वोस्केहात म्हणजे काय?

आर्मेनियन भाषेत वोस्की म्हणजे सोनं आणि हात म्हणजे दाणा. आपल्याकडे द्राक्षाच्या दाण्याला मणीच म्हणतात, त्यामुळे वोस्केहातचं मराठी आयतंच होतं: सोन्याचा मणी. पिकल्यावर साल खरोखरच पिवळीधमक होते. देशाच्या पांढऱ्या द्राक्षांची ही पट्टराणी. वायोत्स झोर नावाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ प्रांतात हिलाच खार्जी म्हणतात. तिथे दोन बाटल्यांवर दोन नावं दिसली तर द्राक्षं वेगळी असतीलच असं नाही.

बाकीच्या बहिणींची नावं तर आणखी गमतीची. गारान दमाक म्हणजे कोकराची चरबीदार शेपटी. नाव ठेवणारा गावचाच माणूस असणार, जाहिरातवाला नव्हे. खातून खार्जीमधली खातून आपल्या ओळखीची, बाईमाणूस. नाझेली म्हणजे नाजूक, देखणी, आणि त्यातला नाझ फारसीतून तिकडेही गेला, आपल्याकडेही आला. शिवाय मस्खाली, चिलार, ईशान्येकडच्या तावुश प्रांतातलं बानान्त्स. शार्दोने जशी फ्रान्समधून जगभर गेली तशी यांतली एकही कुठे गेली नाही. त्या डोंगरात रुजल्या, तिथेच राहिल्या. अशा जातींना देशी म्हणायचं. आपण देशी गाय किंवा गावरान बोर म्हणतो त्याच अर्थाने.

## ६१०० वर्षांचा आकडा आला कुठून?

वायोत्स झोरमध्येच आरेनी नावाचं गाव आहे. गावाजवळच्या एका गुहेत २००७ पासून उत्खनन झालं. बोरिस गास्पार्यान आणि ग्रेगरी अरेशियान हे या कामातले प्रमुख पुरातत्त्वज्ञ. गुहा इतकी कोरडी की चामडं, काड्या, बिया जशाच्या तशा टिकलेल्या. तिथे चामड्याचा एक पायताण सापडला, सुमारे ५५०० वर्षांपूर्वीचा, नाडीसकट.

२०११ मध्ये जाहीर झालेला शोध त्याहून जुन्या थरातला होता. मातीने लिंपलेलं साधारण मीटरभर रुंदीचं उथळ आळं, त्याला उतार, आणि उतार जिथे संपतो तिथे जमिनीत पुरलेलं मडकं. आळ्यात द्राक्षं पायाने तुडवायची, रस आपसूक मडक्यात उतरणार. आजूबाजूला द्राक्षाच्या बिया, चोथा, वेलीच्या वाळक्या काड्या. आपल्या गुऱ्हाळात चरकाखाली काहिलीकडे जाणारी पन्हळ असते, तशीच अक्कल. काळ इसवीसनापूर्वी ४१०० च्या सुमाराचा. वाइन बनवण्याची एवढी जुनी आणि एवढी संपूर्ण जागा तोवर कुठे सापडली नव्हती.

आता लेबलने गुलदस्त्यात ठेवलेली गोष्ट. मडक्याच्या खापरात वाइनच होती हे कशावरून ओळखलं? माल्व्हिडिन नावाच्या द्रव्यावरून. आणि माल्व्हिडिन म्हणजे काळ्या द्राक्षाच्या सालीतला लाल रंग! म्हणजे गुहेतला पुरावा लाल वाइनचा आहे. त्या काळी पांढरी वाइन नव्हतीच असं यातून सिद्ध होत नाही. पांढऱ्या वाइनमध्ये तो रंगच नसतो, मग त्याचा डाग कुठून राहणार? पण वोस्केहातच्या बाटलीवर ६१०० वर्षं छापणं म्हणजे चुलत पणजोबांच्या पराक्रमावर स्वतःचं नाव घालण्यासारखं आहे. घराणं तेच, पण पराक्रम दुसऱ्या शाखेचा.

## पण जॉर्जिया तर ८००० वर्षं म्हणतो

म्हणतो, आणि त्याचाही पुरावा आहे. जॉर्जियात तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांवर वाइनचे अवशेष मिळाले, ते इसवीसनापूर्वी ६००० च्या आसपासचे. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन्ही दाव्यांत भांडण नाही. जॉर्जियाकडे सर्वांत जुनी वाइन आहे, आर्मेनियाकडे वाइन करण्याची सर्वांत जुनी जागा. एकाला जुना गूळ सापडला, दुसऱ्याला जुनं गुऱ्हाळ.

त्यातून ते गुऱ्हाळ चालत होतं त्या काळी हे दोन देश मुळात नव्हतेच. २०२३ मध्ये द्राक्षाच्या ३५२५ नमुन्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाने सुमारे ११,००० वर्षांपूर्वी दोन ठिकाणी रानद्राक्ष माणसाळवलं असं त्यात निघालं. एक ठिकाण पश्चिम आशियातलं, दुसरं जॉर्जिया-आर्मेनिया ज्यात येतात त्या दक्षिण कॉकेशसमधलं. आजच्या सीमेची रेघ त्या वेलींना कोण दाखवणार?

## मग मधल्या काळात काय झालं?

एका शब्दात सांगायचं तर ब्रँडी.

१८८७ मध्ये येरेवानमध्ये नेर्सेस तायर्यान या व्यापाऱ्याने कारखाना काढला आणि पुढे शुस्तोव्ह या रशियन कंपनीच्या हाती तिथली ब्रँडी रशियाभर नावाजली. १९२० नंतर सोव्हिएत सत्ता आली, आणि मॉस्कोतल्या नियोजनाने कामाची वाटणी केली: जॉर्जियाने वाइन करायची, आर्मेनियाने ब्रँडी. आर्मेनियात थोडी गोड, वरून अल्कोहोल घातलेली वाइन होत असे. वोस्केहात आणि चिलारपासून शेरी या स्पॅनिश वाइनच्या धर्तीची वाइनही काढत. पण सगळा भर ब्रँडीवर.

ब्रँडी करतात पांढऱ्या वाइनपासूनच. साधी, आंबटसर, कमी अल्कोहोलची पांढरी वाइन उकळायची, वाफ गार करून जमवायची आणि ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवायची. पिंपातून लाकडाचा रंग येतो, व्हॅनिलाचा वास येतो. वोस्केहात, गारान दमाक, मस्खाली या सगळ्या जणी या भट्टीत गेल्या. कारखान्याला टनावारी माल हवा होता. कुठल्या बागेचा, कुठल्या उंचीवरचा, कुठल्या जातीचा, हे विचारायचं कारणच नव्हतं. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाला नाव नसतं, वजन असतं. तसंच.

मला यातली एक बाजू मात्र गंमतशीर वाटते. ब्रँडीने या द्राक्षांची ओळख पुसली, आणि ब्रँडीनेच त्यांना जिवंत ठेवलं. कारखाना माल उचलत होता म्हणून शेतकऱ्याने वेली उपटल्या नाहीत. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली तेव्हा सोव्हिएत संघात जागोजागी द्राक्षबागांवर कुऱ्हाड चालली, आर्मेनियातही. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला तो युद्ध, वीजटंचाई आणि कडाक्याची थंडी सोबत घेऊनच. त्या दिवसांत वाइनच्या सुगंधाची चर्चा कोण करणार? आरेनीच्या हमरस्त्यावर घरची वाइन विकायला मांडलेली असायची ती कोलाच्या प्लास्टिक बाटल्यांत. इराणकडे परतणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांना कोलासारखं दिसणारं काहीतरी हवं असे, कारण त्यांच्या देशात दारूबंदी. ते स्टॉल आजही दिसतात.

पालट आला २०१० च्या सुमारास, आणि तो बराचसा परदेशात वाढलेल्या आर्मेनियनांनी आणला. इटलीत फॅशनच्या धंद्यात असलेल्या झोरिक घरिबियान यांनी वायोत्स झोरमध्ये झोराह ही वायनरी उभी केली. तिची पहिली वाइन २०१० च्या हंगामाची, लाल आरेनी द्राक्षाची. पांढऱ्याकडे ते नंतर वळले: वोस्केहात आणि गारान दमाक मिळून केलेल्या वाइनचं नाव वोस्की, नुसतं सोनं. वाहे केउशगेरियान यांनी खाचिक गावाजवळच्या, सुमारे १७५० मीटर उंचीवरच्या जुन्या वेलींपासून बुडबुड्यांची वाइन केली, त्यात वोस्केहातच्या जोडीला खातून खार्जी. २०१२ मध्ये येरेवानच्या सार्यान रस्त्यावर वाइन बार उघडला आणि पाहता पाहता तो रस्ताच वाइनचा झाला.

दुकानदाराची पंधरा वर्षं ती हीच. वेल पुरातन, लेबलवर तिचं नाव टाकून तिची स्वतंत्र, कोरडी वाइन करणं नवं. कोरडी म्हणजे साखर जवळजवळ सगळी यीस्टने खाऊन टाकलेली, गोडवा न उरलेली.

## डोंगरावरची पांढरी वाइन वेगळी का लागते?

इथे आंबटपणाचं गणित समजून घेऊ, पांढऱ्या वाइनचा कणा तोच. कैरीचा आंबा होताना आंबटपणा उतरतो आणि गोडी चढते. द्राक्षातही मण्यात पाणी उतरायला लागलं की हेच सुरू होतं. गोडी उन्हाने वाढते. आंबटपणा मात्र उष्णतेने जळतो, आणि रात्रही गरम असेल तर रात्रभर जळत राहतो. गरम प्रदेशात मग द्राक्ष गोड होतं पण मिळमिळीत, चिंच विसरलेल्या आमटीसारखं.

उंचीवर हे टळतं. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. येरेवानजवळच्या आरारात खोऱ्यातल्या बागा ८०० ते १००० मीटरवर, वायोत्स झोरमधल्या १००० ते १८०० मीटरवर. दिवसा कडक ऊन, रात्री स्वेटर लागेल असा गारवा. दिवसा मणी साखर भरतो, रात्री आंबटपणा राखतो. वोस्केहात मुळात फार आंबट नाही आणि पिकतेही उशिरा, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. म्हणून तिला उंची मानवते.

वायोत्स झोर या नावाचा अर्थ आहे दुःखांची दरी. हे नाव लोक अभिमानाने बाटलीवर छापतात.

उंचीची किंमत हिवाळ्यात मोजावी लागते, आणि ती खालच्या खोऱ्यालाही चुकत नाही. आरारात खोऱ्यात आणि आर्मावीर प्रांतात पारा कधी कधी उणे २५ पर्यंत जातो. एवढ्या थंडीत द्राक्षाचा डोळा मरतो. मग शेतकरी काय करतो? पानगळ झाली की छाटणी करतो, वेली तारेवरून सोडवतो, जमिनीला आडव्या करतो आणि वर माती ओढतो. नोव्हेंबरात बाग नांगरून ठेवलेल्या शेतासारखी दिसते, ओळीने नुसते मातीचे वरंबे. वसंत ऋतूत पुन्हा उकरून, झटकून, तारेवर बांधायच्या. दरवर्षी, प्रत्येक वेल, हाताने. नाशिक-सांगलीचा बागायतदार एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी अशा दोन छाटण्या करतो, कारण आपली वेल कधी झोपतच नाही. तिकडे वेलीला झोपवून वर पांघरूण घालावं लागतं!

आणखी एक फरक द्राक्षवाल्यांना लगेच भिडेल. आपल्याकडे डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावत नाहीत. युरोपात फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या बारीक किडीने १८६० नंतर हाहाकार केला, तेव्हापासून तिकडेही अमेरिकी खुंटच. वायोत्स झोरच्या वाळूमिश्रित, खडकाळ, आडबाजूच्या जमिनीत ती कीड फोफावली नाही. तिथे शंभरीच्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

## मातीच्या रांजणाचं काय?

करास म्हणजे वाइन आंबवायचा मातीचा मोठा रांजण, गळ्यापर्यंत किंवा अर्धा जमिनीत पुरलेला. येरेवानजवळ कार्मिर ब्लूर या टेकाडावर २७०० वर्षांपूर्वीच्या उरार्तू राज्याचा किल्ला सापडला, त्याच्या तळघरांत असे शेकडो रांजण होते. खेड्यांत आजही जुन्या घरांच्या तळघरात करास दिसतो, कित्येकदा दारापेक्षा मोठा. काढायचा तर भिंत फोडावी लागते.

पांढरं द्राक्ष सालीसकट करासमध्ये आंबवलं तर सालीतून टॅनिन उतरतं, थोडा रंगही, आणि वाइन मधाच्या किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची होते. तिला अंबर म्हणतात. काहीजण आज तीही करतात. पण परंपरेची वाइन म्हणजे करासचीच आणि स्टीलच्या टाकीतली म्हणजे नकली, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. वोस्केहातचा फुलांचा वास टाकीतच चांगला राहतो. रांजण तिला अंग देतो, टाकी सुगंध देते. मला टाकीतली आवडते.

## शार्दोने लावून मोकळे का झाले नाहीत?

काहींनी लावलीही. एदुआर्दो एउर्नेकियान या अर्जेंटिनातल्या आर्मेनियन उद्योजकाने आर्मावीरमध्ये करास याच नावाची मोठी वायनरी काढली, त्यात सुरुवातीला बाहेरच्या जातींवर भर होता. विकायला ते सोपं. नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण मग तुलना थेट फ्रान्सशी, चिलीशी, ऑस्ट्रेलियाशी. तीसेक लाख वस्तीच्या, समुद्रकिनारा नसलेल्या, चारपैकी दोन सीमा बंद असलेल्या देशाला स्वस्तात विकणं परवडणारं नाही. जे दुसऱ्याकडे नाहीच ते विकलं तरच निभाव लागतो.

तरी "देशी" या शब्दाची फोड करावी लागते. कांगून हे पांढरं द्राक्ष आर्मेनियाच्या बाटल्यांवर सर्रास दिसतं. ते सोव्हिएत काळात संशोधकांनी संकर करून काढलेलं. आईबापांपैकी एक जॉर्जियाचं र्कात्सितेली. ते काढलं ब्रँडीसाठी आणि आज त्याची कोरडी वाइनही चांगली होते. जन्म आर्मेनियातला, रक्त मिश्र, वय पन्नाशीच्या आसपास. देशी म्हणायचं का? मी आर्मेनियन म्हणेन, पुरातन म्हणणार नाही.

## चव कशी, आणि आपल्याकडे मिळते का?

वोस्केहातमध्ये पांढरी फुलं, पीच, थोडा मध आणि जर्दाळू. जर्दाळूचं शास्त्रीय नाव प्रूनस आर्मेनियाका, म्हणजे फळाच्या नावातच देश आहे, हा योगायोग तिथला प्रत्येक गाइड दोनदा सांगतो. घोट मध्यम अंगाचा, शेवटी किंचित खनिजासारखी, ओल्या दगडाची चव. नाशिकची सोव्हिन्यों ब्लां तुम्ही घेतली असेल तर ही तिच्यापेक्षा शांत वाटेल. हिरवी मिरची किंवा कापलेल्या गवताचा तो झणका हिच्यात नाही.

भारतात ही क्वचितच दिसते. आयात वाइनवर भारी शुल्क, वर राज्याचा अबकारी कर. आर्मेनियाचा सर्वांत मोठा ग्राहक रशिया, उरलेला माल युरोप-अमेरिकेतल्या आर्मेनियन वस्त्यांकडे जातो. म्हणून आपल्याकडे ती येते ती मावसभावाच्या बॅगेतूनच.

हे सगळं ऐकून घेतल्यावर त्याने शेवटचा प्रश्न टाकला. "मग मुलाच्या लग्नाला उघडू? तोवर आणखी मुरेल."

मुलगा चौथीत आहे. बाटली त्याने हॉलमधल्या शोकेसमध्ये, दिव्याखाली, उभी करून ठेवली होती. मी म्हटलं, ही टाकीतली ताजी वाइन आहे, हिला दोन-तीन वर्षांत प्यायचं असतं, आणि दिव्याखाली तर तेवढीही टिकायची नाही. फ्रीजमध्ये दोन तास ठेव, काढल्यावर पंधरा मिनिटं थांब, दहा-बारा अंशांवर आली की ओत. बर्फ घालू नकोस.

रात्री त्याचा मेसेज आला: "उघडली. सुरमई तळली होती. जर्दाळू कळला, ओला दगड नाही कळला."